ओवा, कडुलिंब आणि कणगी : माल घरात टिकला तर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज भावाबद्दल बोलायचे नाही असे ठरवून आम्ही उभे राहिलो आहोत. बोलायचे आहे ते ओव्याबद्दल, कडुलिंबाच्या पाल्याबद्दल, हिंग-हळदीबद्दल. पण या वाटेनेही शेवटी आपण बाजारातच पोचणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीच्या तोंडावर ज्वारी विकणारा आणि मृगाच्या आधी तीच ज्वारी विकत आणणारा, हा आपल्या जिंतूर-सेलूकडचा एकच शेतकरी असतो. तो घाईने का विकतो? पहिले कारण देणेकऱ्याचा तगादा. त्यावर आपण आजवर पुष्कळ बोललो. दुसरे कारण कुणी बोलत नाही. ते म्हणजे सोंड्यांची भीती. 'ठेवून तरी काय करू? आषाढात पोत्यात पीठच सापडणार.' ज्याचा माल घरात टिकत नाही, त्याला बाजारात थांबता येत नाही. आणि ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव मागता येत नाही.

आमचीच एक चूक

आम्ही शेतकीचे पदवीधर. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी एका गावात आम्ही ऐटीत सांगितले, पोत्यात कडुलिंबाचा पाला घाला. लोकांनी आमच्या शब्दावर झाडावरचा हिरवा पाला ओरबाडून ज्वारीत घातला. महिन्याने पोत्यात हात घातला तर आत ऊब, दाण्याला कुबट वास आणि बुरशी. सोंड्यांनी खाल्ली नसती एवढी ज्वारी आम्ही नासवली. तिथल्या एका म्हाताऱ्या मायने आम्हाला सुनावले, "सायेब, पाला सावलीत वाळवून घालायचा असतो, एवढं तुमच्या कालेजात शिकवलं न्हाई का?"

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पण कणगीचे विद्यापीठ त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरात होते आणि ते मायबहिणी चालवत होत्या. त्या विद्येमागचे शास्त्र काय, आणि ती कुठे तोकडी पडते, हे दोन्ही समजून घेऊ.

वास काम काय करतो?

झाडाला पळता येत नाही. म्हणून ते किडीला, बुरशीला तोंड द्यायला अंगात तिखट, कडू, उग्र वासाची द्रव्ये तयार करते. ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, मोहरीत नाकात झिणझिण्या आणणारे तेल, कडुलिंबाच्या निंबोळीत अझाडिरॅक्टिन. थायमॉल जंतूचे कवचच फोडते. कडुलिंबाने किडीचे खाणे मंदावते, अळीची कात नीट पडत नाही.

लोणच्यात मोहरी, हिंग, हळद, मेथी असते, काळ्या मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा असतो, ज्वारीच्या पापड्यांत ओवा असतो. हे सगळे चवीसाठी आहेच, पण राखणीसाठीही आहे. मात्र खरा पहारा मीठ, तेल आणि ऊन यांचा. मसाला हा त्यांचा साथीदार. मीठ कमी करून मसाला वाढवला तर लोणचे टिकत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे.

कणगीचेही तसेच. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटात वाढते आणि साधारण महिन्याभराने सोंडा बाहेर पडतो. आत बसलेल्या अळीला बाहेरच्या पाल्याचा वास काही करीत नाही. म्हणून आधी ऊन, मग पाला. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. ओलावा बाराटक्क्यांच्या आत आला की मग सावलीत खडखडीत वाळवलेला कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला थराथराने घालावा. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नयेत.

तुरीचा, मुगाचा भुंगा दाण्याच्या वर अंडी चिकटवतो. ते पांढरे ठिपके तुम्ही पाहिले असतील. तिथे किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर खायचे तेल चोळले की अंड्याला हवा मिळत नाही.

वेखंडाबद्दल एक इशारा. वेखंडाची पूड क्विंटलला एक किलो या हिशेबाने बियाण्याला उत्तम. पण खायच्या धान्यात ती घालू नका. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-अझारोन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि ते पोटात जाणे धोक्याचे आहे. झाडपाला आहे म्हणून निर्धोक आहे, असे समजायचे कारण नाही.

पेव आणि गोळी

आपल्या बापजाद्यांचे पेव हे तर बिनवासाचे औषध. हवा कोंडली की कीड आतला प्राणवायू संपवते आणि स्वतःच गुदमरते. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला तर माणूसही विझेल. आज घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, काठोकाठ भरून, तेच तत्त्व वापरता येते.

त्याऐवजी आपण काय आणले? धान्यात टाकायची गोळी. त्या अल्युमिनियम फॉस्फाईडमधून ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही. कायद्याने ही गोळी सरकारी किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची आहे. आपल्याकडे मात्र ज्या खोलीत लेकरे झोपतात, त्याच खोलीतल्या पोत्यात ती टाकली जाते. कीड मारायची म्हणून घर मारायचे नाही. ज्या घरात माणसे निजतात तिथे ही गोळी नको, एवढे आजच्या बैठकीत ठरवू या.

पाल्याने न होणारी गोष्ट

खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडते. ती धुऊन, वाळवून, ओवा-हळद लावून खाऊ असे कुणी म्हणेल. तसे करू नका. बुरशी मेली तरी तिचे विष दाण्यात राहते, आणि ते भाकरी भाजूनही सगळे जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. १९९५ साली आंध्र-कर्नाटकातल्या गावांत पावसात भिजून बुरशी धरलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकरीने माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली. भिजलेल्या सरकीच्या ढेपेचेही तेच. म्हशीने बुरशीची ढेप खाल्ली की विष दुधात उतरते आणि ते दूध आपल्याच लेकराच्या पेल्यात येते. बुरशीवर एकच इलाज : ती लागू द्यायची नाही.

गोठ्यात

जनावराच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात. कडब्याचे दूध करणारे खरे कामगार तेच. ओवा वाईट जंतूला मारतो तसा जास्त झाला तर या कामगारांनाही मारतो. म्हणून पोटफुगीला गोडेतेलात ओवा, हिंग, सुंठ देणे ही जुनी रीत ठीक, पण दूध वाढेल म्हणून रोज मूठभर ओवा खुराकात घालणे चूक. पाजताना तोंड फार वर धरू नका, जीभ ओढू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेले तर ओव्याने नाही, आपल्या हाताने जनावर मरते.

कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊन जनावर थरथरत पडले तर तिथे ओवा नको, काढा नको. ते सायनाईडचे विष आहे. धावत डॉक्टर आणा. त्यांच्याकडे इंजेक्शन आहे, पण वेळ मिनिटांचा असतो.

कास सुजली तर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून, पातळ करून, कास धुऊन दिवसातून अनेक वेळा लावायचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सांगते. सुरुवातीलाच केले तर गुण येतो. ताप असेल, दुधात रक्त असेल तर डॉक्टरच.

आता बाजार

युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालायला बंदी केली. आपल्या सरकारने २०१९ साली पशुपालनात कोलिस्टिन बंद केले. मग खाद्यवाल्यांना थायमॉल, लसूण, हळद यांची आठवण झाली. आता हेच रंगीत पुड्यांतून आपल्याला विकायला येते.

हे नवे नाही. १९१४ च्या लढाईआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजाने जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे थायमॉल निघे. लढाई पेटली, माल अडला, तेव्हा इथल्या राज्यकर्त्यांना कळले की ओवा आपला आणि औषध परक्याचे. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्याला ठेवून १९९७ साली ते रद्द करून घेतले. ज्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वसमत १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. विद्या आपली, माल आपला. हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत.

पुढच्या बैठकीपर्यंत

आमच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवा असे आम्ही म्हणत नाही. एकदा आमच्या शब्दाने ज्वारी नासली आहे. म्हणून प्रत्येक गावाने एवढे करावे. एकाच खळ्यावरची, सारखी वाळवलेली दोन पोती घ्यावीत. एकात वाळला पाला, दुसरे नुसते. दर महिन्याला दोन्हींतून शंभर-शंभर दाणे काढून भोके पडलेले मोजावेत आणि वहीत लिहावेत. मोजणी घरच्या मायबहिणींनी करावी आणि वही घेऊन त्यांनीच बैठकीला यावे. पाल्याचे पोते हरले तर तेही इथे मोठ्याने वाचू.

कणगीतला दाणा चार महिने जास्त टिकला, तर चार महिने आपण बाजारात ताठ मानेने उभे राहू शकतो. ती वही आम्हाला पाहायची आहे.