रुग्णाची पारख



तेरचे गोरोबाकाका आपल्या जिल्ह्याला घरच्या माणसासारखे आहेत. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे हाती घेतले, संतमेळ्यात एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे याचा निवाडा केला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. तीतील अध्यात्म सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांला तीतला कुंभार मोलाचा वाटतो. मडके न फोडता आतले कसे कळावे, हा त्याचा रोजचा प्रश्न. आणि रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेचाही प्रश्न तोच आहे.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याचा बाप ग्राझ शहरी खाणावळ चालवी. पिंपात दारू कुठवर आहे हे पिंप ठोकून ओळखतात, तशीच छातीही ठोकून पाहता येईल, हे त्या मुलाने ओळखले आणि 1761 साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे 1816 साली फ्रान्समध्ये लाएनेकने कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि तीतून स्टेथॉस्कोप जन्मास आला. आपल्या आयुर्वेदाने तर दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा पूर्वीच सांगून ठेवली होती. पाहावे, विचारावे, हात लावावा, ठोकावे, ऐकावे. रुग्णाच्या तपासणीचा पाया आजही एवढाच आहे, यंत्रे त्यानंतरची.

मग डॉक्टरांची तपासणी आणि परिचारिकेची तपासणी यांत फरक कोणता? डॉक्टर रोगाचे नाव शोधतात. ते सकाळी येतात, संध्याकाळी येतात. मधले सारे तास परिचारिकेचे असतात. काल हा माणूस कसा होता, तासापूर्वी कसा होता आणि आता कसा आहे, हे तिच्यावाचून कोण सांगणार? फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा रुग्णाच्या निरीक्षणाला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. एका वेळचा आकडा थोडेच बोलतो. दोन आकड्यांमधला फरक पुष्कळ बोलतो. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच.

एक उदाहरण घेऊ. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जाऊ लागले, तर रक्तदाब लगेच उतरत नाही. शरीर रक्तवाहिन्या आवळून घेते, हृदय जोराने धावू लागते आणि दाब काही काळ सावरला जातो. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 60 ते 100 पडते. ती 84 वरून 100 वर, 100 वरून 120 वर चढू लागली, बाई घामेजली, हातपाय गार पडले, तर रक्तदाब अजून ठीक आहे म्हणून स्वस्थ बसणे हा घात आहे. ज्या परिचारिकेने पहिली नाडी लिहून ठेवली असेल, तिलाच ही चढण दिसते. जिने लिहिली नाही, तिला फक्त दमलेली बाळंतीण दिसते.

या चार गोष्टींत, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांत, सर्वांत दुर्लक्षित असतो तो श्वास. त्याला यंत्र लागत नाही. म्हणूनच की काय, त्याचा मान राहत नाही. येथे आम्हांला आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत रात्रपाळीला वॉर्डभर रुग्ण आणि हाताशी आम्ही दोघीच. ताप पाहत होतो, नाडी पाहत होतो. पण श्वासाच्या रकान्यात प्रत्येक खाटेपुढे न मोजताच वीस लिहीत होतो. पोटाची शस्त्रक्रिया होऊन तिसरा दिवस झालेले एक शेतकरी तेथे होते. त्यांची मालकीण संध्याकाळपासून सांगत होती, ‘बाई, ह्यांचं काही खरं नाही, बोलता बोलता थांबत्यात.’ आम्ही तिला धीर दिला आणि वीस लिहिले. मध्यरात्री वडीलधाऱ्या सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी खाटेशी बसून घड्याळ लावले आणि पूर्ण मिनिट मोजले. श्वास 34 होते. डॉक्टरांना उठवले, प्राणवायू लावला. फुप्फुसात दाह सुरू झाला होता. ते गृहस्थ पुढे बरे झाले. पण आमच्या तक्त्यामुळे नव्हे. त्यांच्या बायकोने जे न मोजता ओळखले होते, ते आमच्या हाती घड्याळ असून आम्ही ओळखले नाही.

तेव्हापासून आम्ही मुलींना शिकवतो ते असे. मनगट हाती धरावे, नाडी मोजावी आणि हात न सोडता नजर छातीवर न्यावी. कारण श्वास मोजताहेत हे कळले की माणूस श्वास बदलतो. आणि घरचे माणूस ‘हे नेहमीसारखे नाहीत’ असे म्हणाले, तर तेही तक्त्यात लिहावे.

हे काम पदवीधरांनाच जमते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने, आकडेमोड न येणाऱ्यांनाही बालकाचा श्वास मोजता यावा म्हणून वाळूच्या घड्याळाचे आणि मण्यांचे साधे उपकरण केले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आले की न्यूमोनियाचा संशय धरायचा. त्यामागचे गणित घरोघरी ठाऊक असावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा अधिक, पाच वर्षांच्या आतल्याचे 40 किंवा अधिक असतील, तर वाट पाहू नये. मात्र बाळ शांत असताना, पूर्ण मिनिट मोजावे. आणि आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतल्या साध्या बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. आज गावोगावी आशाताई फिरतात. गावातली बाई जे शिकून निष्ठेने करते, ते शहरातल्या वॉर्डात होत नसेल, तर लाज कुणी वाटून घ्यावी?

श्रोतेहो, आपणांकडे दोन मागणी आहेत. घरात कुणी आजारी असेल तर एक वही ठेवा. वेळ, ताप, नाडी, श्वास, खाणेपिणे, लघवी किती वेळा झाली, बोलणे नेहमीसारखे आहे की नाही, हे लिहा. दवाखान्यात गेल्यावर ‘लई तरास हाय’ यापेक्षा ‘काल दुपारपासून लघवी नाही’ हे वाक्य शंभर पटींनी उपयोगी पडते. ही झाली पहिली.

दुसरी मागणी नागरिक म्हणून आहे. आपल्या सरकारी रुग्णालयात रात्री एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, हे विचारत जा. पूर्ण मिनिट मोजायचे तर ते मिनिट तिच्यापाशी असावे लागते. आमचा अपराध आमचाच होता. परंतु चाळीस खाटांना दोघी, ही व्यवस्था कुणाची तरी होती. नवी इमारत, नवे यंत्र यांची मागणी आपण सभा भरवून करतो. हातांची मागणी मात्र करीत नाही.

गोरोबाकाकांनी घाई केली नाही. एकेक मस्तक घेतले, ठोकले, ऐकले आणि मग बोलले. रुग्णाच्या खाटेशी एवढीच सबुरी लागते.