‘छान बसतो’ म्हणजे नेमका कुठे बसतो?

कुणी दुपारचं आवरून रेडिओपाशी बसल्या असाल, कुणी मशीन चालवता चालवता ऐकत असाल. मशीनवाल्यांनी जरा पाय थांबवा, आजचं बोलणं तुमच्याच कामाचं आहे.

तालुक्याला अस्तर-फॉलच्या दुकानात ब्लाउजची तयार पेपर कटिंग मिळतात. कटोरी, प्रिन्सेस, साधं चार टक्सचं. वर 32, 34, 36 असा आकडा. गटात एकीने आणलं की ते घरोघर फिरतं, आणि फिरायलाच हवं, प्रत्येकीने वेगळं कशाला विकत घ्यायचं? पण देताना सोबत एक वाक्य जातं, “घे गं, छान बसतो याचा ब्लाउज.” आता हे ‘छान’ कुणाच्या अंगावरचं? कोणत्या कापडातलं? काही बदल करून की जसंच्या तसं? यातलं काहीच त्या वाक्यात नसतं.

रुबियाचा पीस बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. पण पैठणीतून किंवा काठपदराच्या साडीतून निघालेला पीस एकच असतो. आमच्या गटातल्या एका ताईने गटातूनच कर्ज काढून मशीन घेतलं होतं. तिच्याकडे पहिलंच लग्नाचं काम आलं, नवरीच्या चुलतीचा ब्लाउज. शेजारणीने ‘छान बसतो’ म्हणून दिलेलं 38 चं कटिंग तिने तसंच ठेवून कापलं. छातीत बरोबर आला, पण शोल्डर दोन्हीकडून घसरायला लागला आणि गळा पुढे उघडा पडला. गळ्याशी कापलेलं कापड परत जोडता येत नाही. नंतर कळलं, शेजारणीने स्वतःचा ब्लाउज शिवताना शोल्डर पाऊण इंच आत घेतला होता. तिने ते लपवलं नव्हतं, सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. ताईने पिसाचे पैसे भरून दिले आणि पुढचे दोन महिने मशीनवरचं कापड काढलंच नाही. हप्ता मात्र चालूच होता.

असं का होतं ते बघू. फार पूर्वी कागदी नमुने एकाच मापाचे मिळायचे. 1863 साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे नमुने विकायला सुरुवात केली. त्यात एक माप नीट बसवून घ्यायचं आणि मग ठरावीक हिशेबाने लहान-मोठं करत जायचं. आपल्या दुकानातली कटिंगही बहुतेक अशीच वाढवलेली असतात. छाती वाढली की सोबत शोल्डर वाढला, गळा रुंदावला, मुंढा खोल गेला. पण बाईचं अंग या हिशेबाने वाढत नाही. बाळंतपणानंतर छाती चौतीसची अडतीस होते, म्हणून खांद्याचं हाड रुंद होतं का? ते तिथंच राहतं. म्हणून मोठ्या मापाच्या कटिंगमध्ये शोल्डर उतरतो आणि आपण म्हणतो, शिलाई चुकली.

म्हणून छातीचं एकच माप सांगून भागत नाही. टेप काखेखालून, छातीच्या उभाराच्या वरून फिरवा, ती वरची छाती. मग नेहमीची भरलेली छाती घ्या. दोघींची छाती छत्तीसच असेल, पण एकीची वरची छाती पस्तीस आणि दुसरीची तेहतीस, तर त्या दोघींना एकच कटिंग सारखं बसणार नाही. दुसरीला छत्तीसचं कटिंग खांद्यात मोठं होणार. तिला चौतीसचं घेऊन कटोरीत किंवा टक्सपाशी वाढवलं तर जास्त बरं, असा माझा अनुभव आहे. यासोबत शोल्डर, मुंढा, दंडघेर, ब्लाउजची उंची आणि खालचा घेर, एवढी मापं सांगितली की ऐकणारीला स्वतःशी ताडून बघता येतं.

टेपचंही एक सांगते. जुना टेप ताणून ताणून लांब झालेला असतो. शाळेच्या स्टीलच्या पट्टीला लावून बघा. फरक दिसला तर तो टेप वाल बांधायला ठेवा.

आता कटिंगवरचा आकडा. 36 म्हणजे अंगाची छाती, की तयार ब्लाउजचा घेर? आणि बाजूचं मार्जिन धरलंय की नाही? पाकिटावर लिहिलं नसेल तर कागदच मोजायचा. पाठीचा भाग घ्या, मधल्या घडीपासून मुंढ्याच्या खाली बाजूपर्यंत टेप लावा. छत्तीसचा चौथा भाग नऊ. कागद नऊ, साडेनऊ भरला तर बहुधा मार्जिन तुम्हाला सोडायचं आहे. साडेदहा-अकरा भरला तर मार्जिन आत आहे. पाठ पुढच्या भागापेक्षा थोडी लहान कापणारेही असतात, त्यामुळे पाव इंचाच्या फरकावर वाद घालू नका. पण जे सापडेल ते त्याच कागदावर पेनने लिहून ठेवा, ‘मार्जिन आहे’ किंवा ‘मार्जिन नाही’. पुढची वाचेल.

मग ब्लाउज अंगात घालून बघायचा, आणि नुसतं आरशासमोर उभं राहून नाही. आरशासमोर सगळेच ब्लाउज बसतात. हात वर करून फळीवरचा डबा काढा. वाकून भाकरी थापल्यासारखं करा. खुरपायला बसल्यासारखं बसा. ब्लाउज वर चढला का? मुंढ्यात ओढलं का? पाठीवर आडवी चुणी आली का? हुक ताणले का? आणि जे झालं ते त्या जागेचं नाव घेऊन सांगा. ‘जरा टाइट होतो’ याचा उपयोग नाही. ‘हात वर केला की दंडात आवळतो, दंडघेर अर्धा इंच वाढवावा लागेल,’ हे उपयोगाचं.

कापडाचं नाव घ्यायला विसरू नका. कॉटन धुऊन, वाळवून मग कापलं होतं का, हेही सांगा, कारण न धुतलेल्या कापडात आज बरोबर बसलेला ब्लाउज पहिल्या धुण्यात आटतो. ताणणाऱ्या कापडात कटिंगचे दोष लपतात. खणाच्या किंवा अस्तर लावलेल्या रेशमी पिसात तेच दोष उघडे पडतात.

आमच्या गटाच्या वहीतली एक नोंद वाचून दाखवते. “कटोरी, 36 नंबर. माझी छाती 36, वरची छाती 33, शोल्डर 14. रुबिया, धुतलेला. शोल्डर दोन्हीकडून अर्धा इंच आत घेतला, बाही तशीच. हात वर केल्यावर मुंढ्यात किंचित ओढतं. मार्जिन कटिंगमध्ये आहे.” चार ओळी आहेत. पण ही वाचून कुणीही सांगेल की आपल्याला हे कटिंग चालेल की नाही.

या नोंदीत नाव नाही, बघा. सुरुवातीला बायका मापं लिहायला लाजायच्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे आकडा ऐकला की कुणीतरी हसतंच. म्हणून नावाच्या जागी नुसता अंक घातला. आणखी एक, ‘जाड्या बायकांना हे कटिंग नको’ असं वहीत लिहायचं नाही, बोलायचंही नाही. ‘वरच्या आणि भरल्या छातीत तीन इंचांचा फरक असेल तर शोल्डर मोठा होतो’ असं लिहायचं. दोष कागदाचा असतो, अंगाचा नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने बाळ किती महिन्यांचं आहे तेही लिहावं, तिचं माप पुन्हा बदलणार असतं.

निफ्ट या संस्थेने भारतीय माणसांचा स्वतःचा मापतक्ता करायला ‘इंडियासाइज’ नावाने 25,000 लोकांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं. चांगलंच आहे. पण त्यासाठी निवडली ती सहा मोठी शहरं. डोक्यावर हंडा नेणाऱ्या, वर्षभर वाकून खुरपणाऱ्या बाईचे खांदे आणि पाठ त्यात कितपत उतरेल, मला शंका आहे. आपली वही आपणच भरलेली बरी.

शंभर पानी वही पुरते. एका कटिंगला दोन पानं सोडा, कागद दोऱ्याने त्याच पानाला अडकवा. महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्याकडचं एक कटिंग आणि त्यावरच शिवलेला ब्लाउज आणा, जुना, विटलेला चालेल. स्टीलची पट्टी आणि नवा टेप मी आणते. नमस्कार.