फळ्यावरचे डोंगर आणि मुलांची चित्रे

येथे शिक्षक उपस्थित आहेत, तसेच पंचायतींचे सदस्यही आहेत. या सर्वांनी आपल्या गावच्या शाळेतील चित्रकलेच्या वह्या एकदा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचे झाड. ज्या गावात नारळ उगवत नाही, तेथील वहीतही तो असतोच. गुरुजींनी फळ्यावर काढले, मुलांनी उतरवून घेतले. ज्याला उतरवणे साधत नाही तो पाचवीत जाईपर्यंत ‘मला चित्र येत नाही’ असे ठामपणे सांगू लागतो.

व्हिएन्ना शहरात हा प्रश्न फ्रान्त्स चिझेक या तरुण चित्रकारासमोर उभा राहिला. १८६५ साली बोहेमियात जन्मलेले चिझेक १८८५ मध्ये कलाशिक्षणासाठी तेथे आले व एका सुताराच्या घरी खोली घेऊन राहिले. घरातील मुले खोलीत येत, चिझेक त्यांच्या हाती कागद, पेन्सिल, रंग देत. समोरच्या फळ्यांच्या कुंपणावर गल्लीतील मुले जागेसाठी चढाओढ करून चित्रे काढीत, तीही ते पाहत. ज्या शाळेत ही मुले जात, तेथे त्यांना नमुन्यांवरून रेघा गिरवाव्या लागत!

१८९७ मध्ये चिझेक यांनी मुलांसाठी वर्ग उघडला. तो पुढे तेथील उपयोजित कला विद्यालयाला जोडला गेला व १९३८ पर्यंत चालला. शुल्क नव्हते. मुले स्मरणाने आणि कल्पनेने रंगवीत, कागद कापून चिकटवीत, मातीकाम करीत, लिनोलियम कोरून ठसे उठवीत. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरण्याचे साधे साहित्य. ते लाकडापेक्षा मऊ असल्याने लहान हातांना झेपते. १९२० मध्ये या मुलांच्या कामाचे लंडनमध्ये प्रदर्शन झाले, तेव्हा महायुद्धानंतरच्या उपासमारीत सापडलेल्या बालकांसाठी त्यातून मदत उभी करण्यात आली.

तथापि या वर्गाचे केवळ गुणगान करणे योग्य नव्हे. टॉमस मन्रो या अमेरिकन अभ्यासकाने तेथील चित्रांत एक ओळखू येणारी समान शैली असल्याचे दाखवून दिले. म्हणजे नमुना भिंतीवर नसला, तरी शिक्षकाच्या कौतुकात तो लपून राहतो. कोणत्या चित्रापाशी गुरुजी थांबतात, हे मुलांना फार लवकर कळते. हा दोष ओळखणे फळा पुसण्याहून अवघड आहे.

आपल्या राज्यात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांची शिस्त वरच्या इयत्तांना उपकारकच आहे. परंतु तिची तयारी म्हणून पहिली-दुसरीच्या मुलाला डोंगर गिरवावयास लावण्याचे कारण नाही.

खर्चाची अडचण सांगितली जाते, ती फारशी खरी नाही. पंचायतीची एखादी रिकामी खोली किंवा शाळेची ओसरी आठवड्यातून दोन तास पुरते. गेरू, चुना, कोळसा आणि ओढ्याकाठची माती गावातच मिळते. कचेऱ्यांतून रद्दीत जाणारे पाठकोरे कागद शाळांना देता येतील. अधिकाऱ्यांनी त्यातील गोपनीय कागद तेवढे वेगळे काढावेत. विषय मुलांच्या पाहण्यातला असावा: बैलपोळा, पाण्याची रांग, आजारी शेळी. बैल निळा झाला तर तो निळाच राहू द्यावा. लाल शाईची दुरुस्ती नको. चित्रामागे मुलाचे नाव आणि तारीख लिहावी व ते जपून ठेवावे, म्हणजे वर्षअखेरीस पालकांना पहिले आणि शेवटचे चित्र जोडीने दाखविता येईल.