पंखा घेतलेली स्त्री



आज मी एकाच चित्राविषयी बोलणार आहे. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयातील ‘पंखा घेतलेली स्त्री’ हे ते चित्र. मारिया ब्लांशार या स्पॅनिश चित्रकर्तीने ते १९१६ च्या सुमारास रंगविले.

मारियाचा जन्म १८८१ साली उत्तर स्पेनमधील सांतान्देर येथे झाला. पाठीला कुबड आणि ठेंगणी उंची ती जन्मतःच घेऊन आली. चित्रकलेचे शिक्षण तिने माद्रिदला व पुढे पॅरिसला घेतले. महायुद्धामुळे ती मायदेशी परतली. १९१५ साली माद्रिदमध्ये तिची व दिएगो रिवेराची नव्या पद्धतीची चित्रे मांडली गेली, तेव्हा त्यांची थट्टाच झाली. सालामांका येथे ती चित्रकला शिकवू लागली. तेथे विद्यार्थ्यांनी तिच्या शरीराची टवाळी केली. अखेर १९१६ मध्ये तिने पॅरिस गाठले, ते कायमचेच.

स्पेनमध्ये हाती पंखा धरलेल्या स्त्रीचे चित्र नवे नव्हते. थोर चित्रकार वेलास्केस याने सतराव्या शतकात रंगविलेली अशीच एक स्त्री लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. तिच्यापुढे उभे राहताच आपली नजर प्रथम चेहऱ्याकडे जाते आणि ही सुंदर की सामान्य, याचा निवाडा आपण क्षणात करून टाकतो. मारियाच्या चित्रात तो निवाडा करताच येत नाही. घनवादाच्या रीतीनुसार देह, वस्त्र आणि पंखा हे सारे कोनाकोनांच्या रंगीत पृष्ठांत विभागलेले आहे. एकच वस्तू अनेक बाजूंनी पाहावी, हे या पंथाचे मुख्य सूत्र. पाहणाऱ्याला तुकडे जुळवीत, थांबत थांबत त्या स्त्रीपर्यंत जावे लागते.

जिच्याकडे जगाने एकाच बाजूने पाहिले, तिने ही रीत स्वीकारावी, याचा मला फार अर्थ वाटतो. तथापि एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तिच्या कुबडावरूनच चित्राचा अर्थ लावू लागलो, तर आपणही तिला एकाच बाजूने पाहिल्यासारखे होईल. ती प्रथम चित्रकर्ती होती. रेषा, रंग आणि रचना यांवर तिची हुकमत होती.

पॅरिसमधील तिच्या सोबत्यांनी हे ओळखले. हुआन ग्रिस तिचा जिवलग मित्र होता. लिथुएनियात जन्मलेले ज्यू शिल्पकार जाक लिपशित्स हेही तिच्या मित्रपरिवारात होते. त्यांची कबर येथे जेरुसलेममध्येच आहे. लेओन्स रोझेनबर्ग या ज्यू चित्रविक्रेत्याने तिची चित्रे आपल्या दालनात घेतली. पुढे तिने घनवाद मागे ठेवला आणि माता, मुले व घरगुती जीवन रंगविले. १९३२ साली पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. त्याच वर्षी कवी लोर्का याने माद्रिदमध्ये तिच्या स्मरणार्थ व्याख्यान दिले.

आपल्या समाजातही कोणी लंगडे, कोणी मुके, कोणी वयाने वाकलेले असते. आपण त्यांना त्या एका खुणेनेच ओळखतो आणि पुष्कळदा हाकही तिनेच मारतो. हे चित्र आपल्याला दुसरी बाजू पाहण्याचा, आणि मग तिसरीही पाहण्याचा, सराव देते. तो सराव घरापासून सुरू व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.