स्वसंरक्षणाचा दावा कोणी तपासायचा?

(एका व्याख्यानाचा संक्षेप)



अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने फौजदारी कायद्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु जो दावा करण्यास काही किंमत पडत नाही तो वारंवार केला जातो, हे आमच्या शास्त्रातले अगदी प्राथमिक सूत्र आहे. आज ज्या दाव्याविषयी बोलायचे आहे, तो माणूस मारल्यानंतर केला जाणारा दावा आहे: ‘मी माझा जीव वाचविण्यासाठी मारले.’ हा दावा कोण तपासतो, आणि तो करणारा शेतकरी असला तर एक रीत व पोलीस अधिकारी असला तर दुसरी रीत का, एवढाच आजचा विषय आहे.

कायदा मुळात एकच आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलमे 96 ते 106 ही खासगी बचावाच्या हक्काची कलमे. 1 जुलै 2024 पासून तीच भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या क्रमांकांनी आली आहेत. आशय फारसा बदललेला नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. 2013 साली त्यात ॲसिडहल्ल्याची भर पडली. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल तर हक्क उरत नाही. आणि भीती संपली की हक्कही संपतो. सद्‌भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो.

आता एक नेहमीचा प्रसंग घ्या. शेताच्या बांधावरून भाऊबंदांत मारामारी होते, एकाच्या हातून कुऱ्हाडीचा घाव बसतो आणि दुसरा मरतो. मारणारा म्हणतो, तो माझ्या अंगावर आला होता. पोलीस त्याला अटक करतात, खुनाचे दोषारोपपत्र ठेवतात, आणि मग कागदपत्रे सरकारी वकिलाच्या टेबलावर येतात. अमेरिकेत खटला भरायचा की नाही याचा निर्णयच मुख्यतः सरकारी वकिलाच्या हाती असतो; आपल्याकडे तो बव्हंशी तयार झालेले प्रकरण चालवितो. तरीही जाणता वकील काही प्रश्न स्वतःला विचारतोच. आधी हल्ला कोणी केला? जमिनीचा प्रत्यक्ष कबजा कोणाचा होता? घाव समोरून आहे की पाठीत? मृताच्या हाती काय होते? आणि मुख्य म्हणजे, आरोपीच्या अंगावर जखमा आहेत काय? असतील तर त्या कशा झाल्या, याचा खुलासा सरकार पक्षाने केला पाहिजे. तो नसेल तर सरकारी साक्षीदार घटनेचा उगमच लपवीत आहेत असा निष्कर्ष निघू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली लक्ष्मी सिंग खटल्यात म्हटले आहे. आरोपीने आपला बचाव निःसंशय सिद्ध करण्याची गरज नसते, तो संभवनीय वाटला तरी पुरे. जिवावर बेतलेल्या माणसाने आपला प्रतिकार सोनाराच्या काट्यावर तोलावा, अशी अपेक्षाही न्यायालये ठेवीत नाहीत. हा शहाणपणाचा कायदा आहे. त्या शेतकऱ्याची तक्रार असलीच तर ती एवढीच, की हे शहाणपण त्याच्या वाट्याला येईपर्यंत तो कित्येक महिने कच्च्या कैदेत असतो.

हाच दावा पोलिसाने केला की काय होते? चकमकीनंतर नोंदविली जाणारी फिर्याद बहुधा मृताविरुद्धच असते: त्याने पोलिसांवर गोळीबार करून खुनाचा प्रयत्न केला. आरोपी मृत, म्हणून प्रकरण संपुष्टात. म्हणजे दावा करणारा, तो नोंदविणारा आणि मान्य करणारा, तिन्ही एकाच खात्याचे. सरकारी वकिलापर्यंत कागद पोचतच नाही. मग जखम किती अंतरावरची आहे, तिच्याभोवती दारूची काजळी आहे काय, मृताच्या हातातले म्हणून दाखविलेले पिस्तूल त्याने खरोखर चालविले काय, हे प्रश्न विचारणार कोण?

मुंबई पोलिसांच्या 1995 ते 1997 या काळातील सुमारे 99 चकमकींत जवळजवळ 135 माणसे मेली. त्या चकमकींविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाली ती 23 सप्टेंबर 2014 रोजी! त्या निकालाने सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, शस्त्रे तपासणीसाठी जमा करावीत. माझ्यासारख्याला त्यातले सर्वांत मार्मिक सूत्र वाटते ते हे, की शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत चकमकीतील अधिकाऱ्यांना शौर्यपदक अथवा क्रम डावलून बढती देऊ नये. ज्या कृत्याला बक्षीस आहे आणि जोखीम नाही, त्याचे उत्पादन वाढते, हे न्यायालयाला अर्थशास्त्राचा तास न घेताही कळले.

आणि या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ आम्हीही झाडली, असा पोलिसांचा दावा. पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत. गाडीतले पोलीस त्याला सहज आवरू शकले असते आणि केलेला बळाचा वापर समर्थनीय नाही, असे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले. एवढे होऊनही गुन्हा नोंदविण्यासाठी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्या आरोपीविषयी कोणाला ममत्व नाही, मलाही नाही. पण त्या मुलींचा खटला त्याच्याविरुद्ध उभा राहून निकालापर्यंत जाण्याची शक्यता त्या गाडीतच संपली.

पोलिसाला जीव नसतो काय, असे मला विचारले जाते. असतो, आणि सोनाराच्या काट्याचा नियम त्यालाही लागू आहे. शेतकऱ्याला जेवढी सवलत, तेवढी त्याला मिळाली पाहिजे. तीहून अधिक सवलत कायद्यात कोठेही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली 1997 साली सर्व मुख्यमंत्र्यांना हेच कळविले होते. आणि पोलिसाच्या धैर्याचेच उदाहरण हवे असेल, तर गिरगाव चौपाटीवर नुसत्या लाठीनिशी बंदुकीची नळी धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे घ्या. त्यांनी प्राण दिला, पण कसाब जिवंत सापडला, म्हणूनच खटला होऊ शकला आणि कटाचा उलगडा जगापुढे आला.

दावा खरोखर तपासला तर काय निघते, हेही आपल्यासमोर आहे. 2006 साली वर्सोव्याला झालेल्या लखनभैया चकमकीत मृताच्या वकील भावाने पाठविलेल्या तारा आणि फॅक्स होते; भावाला उचलून नेले आहे, हे त्यांत चकमकीच्या काही तास आधीच कळविलेले होते. तेवढ्या कागदांनी पोलिसांच्या बनावाला तडा दिला. उच्च न्यायालयाने विशेष पथक नेमले, 2013 साली तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली, आणि सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यालाही 2024 साली उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. त्यांचे अपील पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात एका महत्त्वाच्या साक्षीदाराचे अपहरण होऊन खून झाला. हैदराबादजवळच्या 2019 च्या चकमकीनंतर लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्या. सिरपूरकर आयोगाने 2022 साली सांगितले की, त्या चौघांवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. फुले उधळणाऱ्यांना मी दोष देत नाही. वर्षानुवर्षे निकाल न पाहिलेली माणसे मिळेल तो निकाल साजरा करतात.

परंतु दर वेळी वकील भाऊ, न्यायालयीन आयोग किंवा उच्च न्यायालय कोठून आणायचे? रोजच्या यंत्रणेत हे काम करण्यास योग्य माणूस सरकारी वकीलच आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने त्याला पोलीस खात्यापासून वेगळे केले. तरी महाराष्ट्रात सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्याच अधीन राहिले होते. ती अधीनता मोडून त्यांचा स्वतंत्र संवर्ग करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 1995 साली शहाणे खटल्यात द्यावा लागला. त्यातून ते सुटले आणि गृहखात्याखाली आले! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 नेही अभियोग संचालक गृहखात्याच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवला आहे. ज्या खात्याचा पोलीस, त्याच खात्याचा तपासनीस वकील.

म्हणून माझी मागणी दोन कलमी आहे आणि ती पक्षाने विधिमंडळात मांडावी. पहिली, अभियोग संचालनालय गृहखात्याकडून काढून विधी व न्याय खात्याकडे द्यावे. त्यासाठी केंद्राच्या कायद्यात राज्याची दुरुस्ती लागेल व राष्ट्रपतींची संमती लागेल. विषय समवर्ती सूचीतला असल्याने ते अशक्य नाही. दुसरी, पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की चोवीस तासांत त्या प्रकरणाचे सर्व कागद, स्टेशन डायरी, शस्त्रांची नोंदवही, गाडीचे लॉगबुक, पंचनामे आणि पुढे शवविच्छेदनाचा अहवाल, त्या ठाण्याशी संबंध नसलेल्या सरकारी वकिलाकडे गेले पाहिजेत. ते प्रकरण बंद करण्याचा प्रस्ताव पोलिसांनी पाठविलाच, तर या वकिलाचे लेखी मत न्यायालयापुढे आल्यावाचून आणि मृताच्या कुटुंबाला ऐकून घेतल्यावाचून त्यावर आदेश होऊ नये.