जुन्या खेळाडूंचा रागलोभ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात नवल नाही. टीव्हीच्या पडद्यावर खेळायचे खेळ आणि ते विकणारी निन्टेन्डो नावाची जपानी कंपनी. यावर वसंत व्याख्यानमालेत बोलण्यासारखे ते काय? परंतु हे खेळ लहानपणी खेळलेली पहिली पिढी आता पन्नाशीला टेकली आहे, आणि या पिढीचे त्या कंपनीशी चाललेले भांडण काही केल्या संपत नाही. नवख्या माणसाला तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्याच अंगणात वाढलेल्यांची, आणि तिची कड घेऊन हमरीतुमरीवर येणारेही तेच. हे असे का व्हावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी काढली, ती हानाफुदा नावाचे पत्ते बनविण्यासाठी. पुढे त्यांच्याच घराण्यातील हिरोशी यामाउची यांनी १९४९ पासून २००२ पर्यंत कारभार पाहिला. त्यांच्या कारकिर्दीत शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने १९८१ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला आणि त्यातून मारिओ जन्माला आला. १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र निघाले. नावाचा अर्थच मुळी कुटुंबाचा संगणक.

त्याच सुमारास अमेरिकेत या धंद्याचे दिवाळे वाजले होते. ज्याला सुचेल त्याने खेळ काढावा आणि दुकानात ढीग लावावा, असा बाजार माजला. लोक विटले. अटारी कंपनीने न खपलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला, आणि २०१४ साली उत्खनन करून लोकांनी तो पुन्हा पाहिला. अशा जळलेल्या रानात निन्टेन्डोने १९८५ साली पाऊल टाकले ते कुलूप घेऊनच. यंत्रात अशी चकती बसविली की, कंपनीने मान्य न केलेला खेळ चालूच नये. बाहेरच्या कारखानदाराने वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढू नयेत, असे बंधन घातले. आमच्या मते पुढच्या साऱ्या रागलोभाचे बीज येथे आहे. जुन्या वाड्यात एखादी कर्ती बाई कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून वावरे. तिच्यामुळे घरात कोणाला नासके अन्न मिळत नसे. पण तिच्या मर्जीवाचून कोणाला लाडूही मिळत नसे. निन्टेन्डोचे घर असे चालत आले आहे.

आता टीकाकारांची पहिली तक्रार पाहू. ती अशी की, ही कंपनी पोरकट आहे. १९९३ साली ‘मॉर्टल काँबॅट’ हा मारामारीचा खेळ घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेन्डोने त्यातील रक्ताचा घाम केला. प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावर एक गुप्त संकेत दिला की रक्त दिसे, आणि सेगाची प्रत अधिक खपली. त्याच वर्षी डिसेंबरात अशा खेळांविषयी अमेरिकेच्या सिनेटपुढे सुनावणी झाली. पुढच्या वर्षी मात्र त्या खेळाचा दुसरा भाग निन्टेन्डोच्या यंत्रावरही रक्तासकट आला. तसाच गदारोळ २००१ साली उठला. आदल्या वर्षी ‘झेल्डा’चा नायक तरुण, खऱ्याखुऱ्या योद्ध्यासारखा दाखविला होता, नव्या खेळात तो टपोऱ्या डोळ्यांचा, व्यंगचित्रासारखा पोर होऊन आला. आम्ही मोठे झालो, मग आमचा नायक लहान का, असा तो आक्रोश होता.

या तक्रारीत आम्हांला फारसे तथ्य दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पोरकट म्हटलेले सर्वांत अधिक झोंबते, कारण तो नुकताच पोरपणातून बाहेर पडत असतो. पन्नाशीच्या माणसाला त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आजीची गोष्ट नातवासाठी असते, म्हणून ती आजोबांनी ऐकू नये असे कोठे आहे? शिवाय त्या काळी हुबेहूब म्हणून मिरवलेली पुष्कळ चित्रे आज ओबडधोबड दिसतात, आणि तो टपोऱ्या डोळ्यांचा पोर अजून टवटवीत आहे.

दुसरी तक्रार यंत्राच्या ताकदीची. इतरांची यंत्रे घोड्यासारखी धावतात, यांचे मात्र बैलगाडीच्या चालीने चालते. येथे गुन्पेई योकोई या कल्पक कारागिराचे तत्त्व समजून घेतले पाहिजे. जुने व स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या कामाला जुंपावे, असे ते तत्त्व. १९८९ सालच्या त्यांच्या ‘गेम बॉय’ला रंग नव्हते. अटारी व सेगा यांच्या हातातल्या यंत्रांना रंग होते, पण ती सहा सेल चार-पाच तासांत फस्त करीत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. पोराच्या खिशाला कोणते परवडणार? रंगीत आवृत्ती धरून ही यंत्रे पावणेबारा कोटींच्या आसपास खपली. २००६ सालच्या ‘वी’ने तर हात हलवून खेळण्याची सोय करून आजी-आजोबांनाही मैदानात उतरविले, दहा कोटींहून अधिक यंत्रे गेली. जुने खेळाडू तेव्हाही रुसले, कारण घरात पाहुणे फार झाले. पण हे तत्त्व दर वेळी साधते असेही नाही. २०१२ सालचे ‘वी यू’ लोकांना उमगलेच नाही, आणि ते दीड कोटीचाही पल्ला गाठू शकले नाही.

तिसरी तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि ती आम्हांला खरी वाटते. ती किल्ल्यांविषयी आहे. २०१६ साली एका चाहत्याने १९९१ च्या ‘मेट्रॉइड’ खेळाची नवी आवृत्ती कित्येक वर्षे खपून तयार केली आणि फुकट वाटली. कंपनीच्या आक्षेपामुळे ती थोड्याच दिवसांत मागे घ्यावी लागली. २०२० साली मारिओचे तीन जुने खेळ एकत्र काढले, आणि सहा महिन्यांनी, मार्च २०२१ अखेर, त्यांची विक्री बंद केली. मार्च २०२३ मध्ये दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मिटली. जे खेळ केवळ तेथेच मिळत, ते विकत घेण्याचा रस्ताच खुंटला. वर्गणी भरून जुने खेळ खेळण्याची सोय कंपनीने २०१८ पासून केली आहे, परंतु वर्गणी थांबली की खेळही थांबतो.

समर्थकांचे उत्तरही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, माल ज्याचा त्याला तो जपण्याचा हक्क आहे. २०२३ साली ‘झेल्डा’चा नवा खेळ दुकानात येण्याआधीच त्याच्या प्रती फुकट फिरू लागल्या, मग कंपनीने कोर्टाची पायरी का चढू नये? ते सातोरू इवाता यांचेही स्मरण करतात. २०१४ साली धंदा बसला, तेव्हा या अध्यक्षांनी माणसे कमी करण्याऐवजी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. नोकरी जाण्याच्या धास्तीत वावरणारा कारागीर लोकांना आनंद देणारी वस्तू घडवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशा घराविषयी जिव्हाळा वाटला, तर तो आंधळा म्हणता येणार नाही.

पण चोराला अडविणे ही एक गोष्ट आहे आणि घरच्याच माणसाला कोठीबाहेर ठेवणे ही दुसरी. नव्या मालाला कुलूप असावे, याविषयी आमचा वाद नाही. जो खेळ स्वतः विकायचा नाही, त्यावरही कुलूप का, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेत जुन्या खेळांचा इतिहास जतन करणाऱ्या एका संस्थेने २०२३ साली पाहणी केली. तेथे पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत, असे तिला आढळले. हा दोष एकट्या निन्टेन्डोचा नव्हे, साऱ्या धंद्याचा आहे. पण ज्याच्या कोठीत एवढा जुना ठेवा, त्याची जबाबदारीही थोरली.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांत व तालुक्याच्या गावी टीव्हीला जोडण्याची जी स्वस्त यंत्रे आली, ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. मारिओ आपल्या घरात आला, कंपनीचे नाव मात्र दाराबाहेर राहिले. ती नक्कल कायद्याला धरून नव्हती, हे खरेच. परंतु तिच्यावाचून आपल्याकडच्या हजारो मुलांना तो खेळ माहीतही झाला नसता, हेही तितकेच खरे.

तेव्हा जुना खेळाडू रागावतो, तेव्हा तो कशाविषयी रागावतो ते आधी विचारावे. आपण मोठे झालो आणि खेळ मोठा झाला नाही, असे तो म्हणत असेल, तर त्याची समजूत घालावी. पण आपण जे खेळलो ते आपल्या मुलांना दाखवू द्या, असे तो म्हणत असेल, तर त्याचे ऐकले पाहिजे. कारण कुटुंबासाठी खेळ बनवितो असे म्हणणाऱ्याने एवढे जाणले पाहिजे की, कुटुंब एका पिढीचे नसते.