पाठांतर आणि परिपाक



पुण्याकडे निघालेल्या पुष्कळ गाड्यांना कर्जत स्टेशनावर मागून जादा एंजिनें लावतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट. घाट सरला कीं तीं एंजिनें सुटतात आणि गाडी आपल्या वाटेनें जाते. धर्मशिक्षण देणाऱ्यानें हें दृश्य एकदां सावकाश पाहावें, असें मला वाटतें.

माझ्या घरीं रविवारीं चारसहा ख्रिस्ती मुलें शास्त्राभ्यासाला येत. त्यांत खालापूर तालुक्यांतील, खोपोलीचा एक मुलगा होता. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार, सारें त्यास मुखोद्गत. एके दिवशीं त्यानें विचारलें, "गुरुजी, आईसाठीं रोज प्रार्थना केली, तरी ती गेली. आतां काय म्हणूं?" मीं त्यास एक स्तोत्र पाठ करावयास दिलें. पुढल्या रविवारीं तो आला नाहीं, त्यानंतरहि नाहीं.

पाठांतराची मी निंदा करीत नाहीं. संकटकाळीं ओठांवर येतें तें पाठ केलेलेंच. परंतु मुखीं असलेलें अंतरीं मुरण्यास काळ लागतो, हें मी विसरलों होतों.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें सोपीं नव्हतीं. प्रथम ताटातूट, पुढें एकत्र आल्यावरहि लक्ष्मीबाई सोवळें पाळून निराळा स्वयंपाक करीत, आणि टिळक तें चालूं देत. एवढ्या वाक्पटु कवीस पत्नीकडून चार वचनें वदवून घेणें काय अवघड होतें! जातिभेद देवानें केला कीं माणसानें, याचा निवाडा बाईंनीं स्वतःच्या मनाशीं केला, मग पंक्तिभेद टाकला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत ही हकीगत त्यांनींच सांगितली आहे, तीहि मोठ्या विनोदानें.

पुढें मी मुलांबरोबर ईयोबाचें पुस्तक वाचूं लागलों. कठीण म्हणून तें मी टाळीत असें. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशीं निःशब्द बसून राहिले, हा भाग मुलांना फार आवडे. (मित्रांची चूक ते बोलूं लागल्यावर झाली, हें एका लहान मुलीनें मला दाखविलें.)

खोपोलीस मात्र मी फार उशिरां गेलों. वडिलांनीं चहा दिला. मुलगा ओसरीवर बसला होता, त्याच्याशेजारीं मी बसलों. त्या दिवशीं मीं त्यास एकहि वचन विचारलें नाहीं. दिवेलागणीच्या सुमारास त्यानें आपण होऊन आईबद्दल बोलावयास आरंभ केला.